ढोलापासून नऊ इंच

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

आजपासून नवीन वही. जुनी बारा पानांवर थांबली, पण तो दोष वहीचा होता. कागदावर शाई फुटायची.

संकल्प: गुणाजीबाबांचा खालूबाजा रेकॉर्ड करणे. एक ढोल, दोन टिमक्या, एक झांज. पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत, पूर्ण. होळीच्या आत.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचताना घोळ नको. सावनी दिवाळीपासून रोह्याला माहेरी राहते. शाळा तिथून जवळ पडते, एवढंच. त्याआधी सात वर्षं ती पेणहून रोज जाऊन येऊन करत होती आणि शाळा तेव्हाही तिथेच होती, पण माणूस थकतं. तिच्या संस्थेची एक शाळा पेणलाही आहे. बदलीचा अर्ज १५ मार्चपर्यंत द्यावा लागतो. जानेवारीत मी सहज विचारलं, यंदा देणार ना? तर म्हणाली, सुशील, लग्नाला अकरा वर्षं झाली, तुझं एकही काम शेवटाला गेलेलं मी बघितलं नाही. एक करून दाखव. कुठलंही चालेल. मग अर्जाचं बघू.

हे अन्यायाचं आहे. गिटार मी सोडली नाही, तार तुटली. गच्चीवरची वांगी माकडांनी खाल्ली. बाथरूमचा नळ उघडून ठेवलाय तो वॉशर मिळत नाही म्हणून.

पण वाद घातला नाही. ती कुठलंही म्हणाली, मी सगळ्यात मोठं निवडलं. गुणाजीबाबा तिच्या गावचे, रोह्याच्या अलीकडच्या वाडीतले. आमच्या वरातीत त्यांनीच वाजवलं होतं आणि सावनी नवरी असून शालू खोचून नाचली होती. तोच बाजा तिच्या कानावर पडला की त्याच दिवशी अर्ज.

एकोणचाळीस दिवस आहेत. भरपूर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कंपनीतून येताना फारुखकडे गेलो. फारुखचा पेणात मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. त्याआधी दहा वर्षं आखातात, दोह्याला एका हॉटेलात साऊंडवर होता. त्याच्याकडून पाच माइक आणले. निवड पूर्णपणे माझी.

१. मोठ्या तोंडाचा. ढोलाच्या जाड आवाजाच्या बाजूला, जिथे हात पडतो.
२. बारीक तोंडाचा. पातळ आवाजाच्या बाजूला, जिथे टिपरू, म्हणजे काठी, पडते.
३ आणि ४. टिमक्यांना एकेक.
५. ओव्हरहेड. वरून टांगता. पंखा काढून त्याच्या हुकाला.

फारुख म्हणाला, कशाला पाच, एक बस झाला. आधी वाजवायला लाव, तू फिर, जिथं कानाला गोड वाटंल तिथं कानाच्या उंचीवर माइक धर आणि मंग गप बस. मी त्याला समजावलं की आता काळ बदललाय. प्रत्येक माइकचं अंतर, कोन, दुसऱ्या माइकपासून तिप्पट लांबी, याला गणित आहे. तो चहा पीत राहिला. मित्र म्हणून सोन्यासारखा, पण विषयाचा अभ्यास नाही. त्याची दहा वर्षं, मान्य. माझेही चाळीस तासांचे व्हिडिओ बघून झालेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी. रोह्याला गेलो. सासूबाईंनी ओटीवरूनच आत हाक मारली, सावने, जावई आलाय गो. सावनी पेपर तपासत होती. बाहेर आली, चहा दिला, नळ झाला का विचारलं. मी म्हटलं, त्याहून मोठं काम काढलंय. ती म्हणाली, हो, आईने सांगितलं. चेहऱ्यावर आनंद होता. नीट दिसला नाही कारण ती पाठमोरी झाली होती.

मग गुणाजीबाबांकडे. वय अडुसष्ट, अंगानं काटक. ढोल भिंतीला खुंटीवर. त्याला नारळ दिल्याशिवाय खाली काढत नाहीत. हे मला माहीत नव्हतं, सासूबाईंनी पिशवीत नारळ घालून दिला होता. गावचा जावई म्हणून बाबा मला पाटावर बसवतात आणि स्वतः जमिनीवर बसतात. अवघडल्यासारखं होतं पण बरंही वाटतं.

सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जावयबापू, कुठून कुठवर वाजवायचा? मी म्हटलं, सात मिनिटं, फार तर आठ. ते म्हणाले, तसा नाय, कुठून कुठवर? मी परत सांगितलं, सात ते आठ मिनिटं. वयोमानानुसार आकलन कमी होतं.

येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. माझ्या घरी, पेणच्या रामवाडीत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रजा टाकली. आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या बांधल्या. झोपायला आता सतरंजी आहे. पंखा हॉलमध्ये सोफ्यावर.

ढोल नसल्यामुळे पाण्याच्या पिंपावर सराव. एका हाताने पिंप वाजवायचं, दुसऱ्याने माइक सरकवायचा, मग पळत जाऊन ऐकायचं. तीन इंचांवर नुसता धबधबा. पाच, सात, ठीक. नऊ इंच! नऊ इंचांवर आवाजाला पोट येतं. अकराव्या इंचाला ते जातं. जमिनीवर खडूने खुणा केल्या. माणूस इथे, ढोल इथे, माइक इथे. आता चूक व्हायला जागाच नाही.

खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरी दिपिकाताई वर येऊन विचारून गेल्या, कोणी आजारी आहे का.

सावनीला खडूच्या खुणांचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. म्हणजे बघितला.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी २.४०

जसं घडलं तसं लिहितो. भावना बाजूला.

९.३०. गुणाजीबाबा, टिमकीवाले दोन पुतणे आणि झांजवाला जिन्याने वर आले. सोबत पेंढ्याचा भारा. पेंढा कशाला? टिमकी शेकायला. कातडं तापल्याशिवाय बोलत नाही म्हणे. व्हिडिओत हे कुठेच नव्हतं.

९.५०. गच्चीवर पेंढा पेटवला. १०.००, दिपिकाताई. १०.२०, दिपिकाताईंचे यजमान, हातात बादली.

१०.४५. सगळे खडूच्या खुणांवर उभे. ढोलापासून नऊ इंच, टेपने मोजून. मी इशारा केला. वाजायला लागलं. वाजलं म्हणजे काय, शाळेतल्या प्रार्थनेआधी एखादा कंटाळलेला मुलगा बाक वाजवतो तसं. मी थांबवलं, म्हटलं बाबा, जोर. ते म्हणाले, जावयबापू, उभ्यानं हात चालत नाय. मी म्हटलं, बसून? ते हसले. पुतणे तर भिंतीकडे तोंड करून हसले.

खालूबाजा चालत वाजवतात. हे मला माहीत होतं, वरातीत बघितलं होतं. पण मला वाटायचं वरातीला जायचं असतं म्हणून ते चालतात.

११.१०. म्हटलं ठीक, खोलीतल्या खोलीत चाला. खोली दहा बाय अकरा. ढोल लावून माणूस वळतो तेव्हा त्याला पाच फूट लागतात. पहिल्या वळणाला माइक क्रमांक ३ आडवा. दुसऱ्याला ४. आणि मग एकाएकी बाजा लागला. खरोखरचा! अंगावर काटा आला. गुणाजीबाबांनी डोळे अर्धे मिटले, ढोल घुमायला लागला आणि चौघं दारातून बाहेर पडले. हॉल, पॅसेज, जिना. मी ओव्हरहेडखाली एकटा. तिसरा मजला, दुसरा, पहिला. खाली बिल्डिंगची पोरं नाचायला लागली. कंपाउंडला एक फेरा घालून ते रिक्षास्टँडवर चहा प्यायला थांबले.

रेकॉर्डिंग आहे. सुरुवातीला एकोणीस सेकंद, मग लांब लांब जाणारा ढोल, मग दिपिकाताई.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. माइकची निवड अचूक होती. अंतर अचूक होतं. खोली लहान पडली, बस्स. मोठी जागा हवी, जिथे गोल फिरता येईल. माइक मध्ये ठेवायचे, माणसं भोवताली.

सोसायटीची नोटीस आली आहे. ती फाइलला लावली. फाइल आजच केली.

रविवार, २३ फेब्रुवारी

जागा मिळाली होती. आमच्या मागच्या गल्लीतला गणपतीचा कारखाना. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही अंगांना फळ्या, फळ्यांवर चारशे गणपती. असमान पृष्ठभागावर आवाज छान पसरतो, असं मी वाचलं आहे. चारशे सोंडा, आठशे कान. यापेक्षा असमान काय असणार? मालक ओळखीचे, म्हणाले, रविवारी कामगार नसतात, फक्त ठमाबाई असतील, परदेशी माल बोटीने आधी जातो त्याची डोळ्यांची आखणी चाललीय.

ठमाबाई तीस वर्षं डोळे आखतात. एका केसाच्या ब्रशने. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मी म्हटलं, तुमचं चालू द्या.

गोल फिरून वाजवताना प्रत्येक फेऱ्यात बाजा माइकसमोर चार सेकंद असतो. ते चार सेकंद उत्कृष्ट. मग वीस सेकंद गणपतीच. मी मध्ये उभा राहून सूचना देत होतो, जवळून जा, आता जरा हळू, टिमकी मागे राहा. गुणाजीबाबा म्हणाले, बैलावानी कवर फिरायचा? चक्कर येतेय. मी म्हटलं मग जागच्या जागी पाय हलवा. ते हलवले. पंधरा ऑगस्टची परेड झाली.

सहाव्या फेऱ्याला कोपऱ्यातून ठमाबाईंची किंकाळी. ढोलाच्या दर थापेला फळी हलत होती, हात हलत होता, आणि त्यांनी तोंडातून शब्द न काढता सात मूर्ती आखल्या होत्या. सातही गणपती एकमेकांकडे तिरके बघत होते. ठमाबाई मला म्हणाल्या, मेल्या, त्याचं डोलं बघ, तुलाच शोधतोय तो. मग पदर तोंडाला लावून रडल्या. परदेशात गेला असतास ना रे तू, असं मला नाही, त्या मूर्तीलाच म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. घरी आल्यावर नळाखाली हात धुवायला गेलो, नळ नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

उपास. सकाळी सावनीला फोन केला. म्हटलं, काम नव्वद टक्के झालंय. ती म्हणाली, तुझी सगळी कामं नव्वद टक्के झालेली असतात. मी हसलो. ती हसली नाही.

मग तिने विचारलं, जेवतोस ना नीट? मी म्हटलं, हो, पण मोठ्या तोंडाचा माइक बाबांच्या हाताकडे तीस अंशांत वळवला तर काय होईल, असा विचार चाललाय. ती म्हणाली, आज उपास आहे ना तुझा. मी म्हटलं, हो, उपासच. मग फोन बंद झाला. फोन तिने ठेवला की रेंज गेली हे कळायला मार्ग नाही. रेंजच असणार.

पंधरा दिवस.

रविवार, २ मार्च

आजचं लिहू नये असं वाटत होतं. पण संकल्प म्हणजे संकल्प.

विचार असा होता: माणूस चालला पाहिजे पण हलता कामा नये. हे सुचलं तेव्हा मी कंपनीत उभ्या उभ्या टाळी वाजवली. ट्रेडमिल! पेणच्या एका जिमने एक जुनी बाहेर काढून ठेवली होती. टेम्पोत घालून रोह्याला नेली, सासूबाईंच्या अंगणात लावली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. नवीन मशीन आलं की त्या वाहतातच.

गुणाजीबाबा अनवाणी वर चढले. ढोल गळ्यात. मी ढोलाच्या दोन्ही अंगांना माइक लावले, नऊ इंच. बटण दाबलं. बाबा चालायला लागले आणि मी शप्पथ सांगतो, तीन मिनिटं मला वाटलं की झालं. सावनी खिडकीत होती. मी तिच्याकडे बघून अंगठा दाखवला.

मग लक्षात आलं की बाबा एकच ठेका वाजवतायत. एकच, एकच, तोच. मी ओरडून विचारलं, पुढचं? ते म्हणाले, पुढचा कुठून येल? वाट कुठं सरतेय? पाय चालतायत पन मी हाय तिथंच हाय!

मग त्यांनी उतरून, ओटीवर बसून, पोराला सांगावं तसं सांगितलं. घरातून निघताना एक चाल वाजते. बांधावर दुसरी. आंब्याच्या वळणाला टिमकी पुढे होते. कोणाच्या दारात थांबलं की दाराची वेगळी. देवळाची पायरी दिसली की शेवटची. वाट संपली की बाजा संपला. म्हनून इचारला तुमाला, कुठून कुठवर? तुमी मिन्टं सांगितलीत.

ट्रेडमिल बंद करायची राहिली होती. ती रिकामी चालत होती. सावनी खिडकीत नव्हती.

बुधवार, ५ मार्च

आज कामावर गेलो नाही. कारण दिलं, पोट.

नागोठण्याला कंपनीच्या गेटवर दोन बस थांबतात. एक पेणकडे जाते, एक रोह्याकडे. काल संध्याकाळी दोन्ही सोडल्या आणि तिसरीही सोडली. गेटवरच्या वॉचमनने खुर्ची दिली.

खरं लिहितो, वही माझीच आहे. मला ढोलाचं काही पडलेलं नाही. मला सावनी घरी हवी आहे. सकाळी ती पोळ्या करताना आकाशवाणी लावायची आणि मी ओरडायचो की आवाज फुटतोय, स्पीकर चुकीच्या जागी आहे. आता आकाशवाणी बंद, स्पीकर अगदी योग्य जागी आहे. भिंतीवर गाद्या असल्याने घरात माझा खोकलासुद्धा फिरत नाही. मी मेलो तर दिपिकाताईंना आठवड्याने कळेल.

आणि भीती वाटते. फार भीती वाटते. ती मला कंटाळली असेल असं एक क्षण वाटून गेलं. पण ते उपाशीपोटी वाटलं असणार, कारण नंतर भडंग खाल्ल्यावर कमी झालं.

शनिवार, ८ मार्च

फारुख घरी आला. गाद्या चाचपून बघितल्या. बसायला जागा शोधली, पंख्याशेजारी बसला. म्हणाला, ते हलतात, तू थांबतोस. उलटा कर ना. तू चाल त्यांच्यासंगं.

मी म्हटलं, मला हे आधीच सुचलं होतं. (सुचलं नव्हतं. पण सुचणारच होतं.)

त्याने गळ्यात अडकवायचा छोटा रेकॉर्डर दिला आणि बांबूच्या टोकाला दोन माइकांची जोडी बांधून दिली, एक डावीकडचं ऐकणारा, एक उजवीकडचं. बांबू वर धर, ढोलाच्या पुढं दोन पावलं राहा. दोनदा सांगून गेला, सुशील, फकत धरायचा. बाकी काय करू नको.

होळीच्या दिवशी वाडीत होळीचं झाड आणतात. माळावरून सावरीचं झाड तोडून, खांद्यावर घेऊन, बाजा लावून, घरांवरून होळीच्या जागेपर्यंत. गुणाजीबाबा फोनवर म्हणाले, ही वाट हाय बघा. ह्या वाटंला कुठून कुठवर इचारायची गरज नाय.

गुरुवार, १३ मार्च. होळी. रोहा, सासुरवाडी, संध्याकाळी ७

झालं!

झालं झालं झालं. बारा मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत. सलग.

चारला माळावर. पोरं झाड घेऊन तयार. टिमक्या शेकल्या, पेंढ्याला कोणी हरकत घेतली नाही. बाबांनी ढोलाला हात लावून कपाळाला लावला. मी लाल बटण दाबलं, आकडे पळताना बघितले, परत बघितले, तिसऱ्यांदा बघितले. निघालो.

काय वाजवलं त्यांनी! बांधावर ठेका बदलला, आंब्याला टिमकी पुढे झाली, सगळं सांगितल्याप्रमाणे. बायका दारात ताटं घेऊन उभ्या, झाडाला ओवाळत होत्या. बांबू जड, पाच मिनिटांत खांदा भरून आला, मग तो मी खांद्यावर टेकवला आणि मान वाकडी करून धरला. तरी लक्ष पूर्ण कामावर. आवश्यक तेवढं मार्गदर्शन करत होतो.

सासूबाईंच्या दारात सावनीच होती, ताट घेऊन. हिरवी साडी. बाजा दाराची चाल वाजवून पुढे गेला, मी कोन बदलायला जरा मागे राहिलो. तेव्हा ती मला काहीतरी म्हणाली. रेकॉर्डरच्या आकड्यांकडे बघत होतो, नीट कळलं नाही. कौतुकाचं असावं. मग धावत बाजाला गाठलं.

होळीच्या जागी शेवटची थाप. गुणाजीबाबांनी घाम पुसला आणि म्हणाले, झाला तुमचा? मी म्हटलं, झालं. बोलताना मला रडू आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी काही पूर्ण केलं.

सावनी आत आहे. डोकं दुखतंय म्हणाली, जेवायला थांबू नका. ढोल फार जवळून वाजला ना.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड. पेण

पहाटेच्या गाडीने परत. रेकॉर्डिंग ऐकलं नाही. मुद्दाम. सगळ्यात आधी तिने ऐकावं. ११.०५ ला सावनीला पाठवलं. सोबत लिहिलं, पूर्ण.

११.२० ला निळ्या टिका.

पंखा हुकाला परत लावला. उलटा फिरतो, पण फिरतो. गाद्या काढल्या, तिच्या बाजूची उन्हात घातली. बाजारात रंगपंचमीसारखा गोंधळ होता तरी वॉशर शोधला, मिळाला. हा इतके दिवस का मिळत नव्हता कोण जाणे. उद्या नळ.

अजून उत्तर नाही. बारा मिनिटं चाळीस सेकंद आहेत, वेळ लागणार.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ६

शाळेचं ऑफिस बाराला बंद होतं. दोन वाजता सावनीचा मेसेज आला.

पूर्ण ऐकलं. दोनदा. काम पूर्ण केलंस, ते मान्य आहे. अर्ज दिला नाही. का, ते नवव्या मिनिटाला आहे.

मग मी पहिल्यांदा ऐकलं.

ढोल अकरा सेकंद. त्यानंतर मी. बाबा, जरा डावीकडे. छान छान, असंच. टिमकी, टिमकी, मागे. अहो झाडवाले, ओरडू नका. बाबा, ही चाल जरा लांबवा. नाही, ठीक, चालू द्या. दम लागलेला मी. नाक ओढणारा मी. बांबू खांद्यावर टेकवला होता, माइक माझ्या तोंडाशी आला होता. ढोल आहे, मागे कुठेतरी आहे. पुढे मी आहे, बारा मिनिटं चाळीस सेकंद. एवढ्या स्वच्छ आवाजात मी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं.

नवव्या मिनिटाला ढोल लांब गेलाय. डाव्या बाजूने सावनी म्हणते, सुशील, आत ये जरा. पेणचा अर्ज भरलाय. तू एकदा वाचून बघ, परवा द्यायचाय.

मग मी, अगदी जवळून. एक मिनिट, सावनी, एक मिनिट. रेकॉर्डिंग चालू आहे, मध्ये बोलू नकोस.

मग चार सेकंद काही नाही. मग ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज. मग दाराची कडी.

कडीसुद्धा स्वच्छ ऐकू येते. माइक चांगले आहेत.